नातीच्या न्हाण्याआधी माझं न्हाणं

लेकीचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. आमचे हे, म्हणजे माझे मालक, फौजेतनं रिटायर होऊन जमाना झाला, तरी फोन असा उचलतात की जणू सरहद्दीवरनं निरोप आलाय. फोन कानाला लावला आणि ताठ बसले.

"आईला द्या," लेक म्हणाली. तिचा आवाज चुलीपर्यंत येत होता.

"का? मला सांग की. मी काय दुश्मन हाय व्हय?"

"आबा, द्या म्हनते न्हवं."

"तुझी आई भाकरी थापतीया. रिपोर्ट हिकडं दे."

मग लेकीनं रिपोर्ट त्यांनाच दिला. हे उठून उभे राहिले. फोन आणून माझ्या कानाला लावून धरला आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून नाक पुसायला लागले. पाटणला दिलेली आमची एकुलती एक लेक, लग्नाला बरीच वर्षं झालेली. देव झाले, दवाखाने झाले, लोकांचं बोलणं ऐकून झालं, आणि आता तिला दिवस गेले होते. तव्यावरची भाकरी करपली. करपू दे म्हटलं. माझ्या पोटात असं काही उड्या मारायला लागलं की जणू दिवस मलाच गेलेत.

"आन आई, एक आताच सांगते," लेक म्हणाली, "मी बाळंतपणाला तिकडंच येनार, आन बाळाला न्हाऊ तूच घालायचं. मी सासूबाईंना बी सांगून टाकलंय, आमच्या आईसारखं ल्योकरू न्हाऊ घालनारं पंचक्रोशीत कोन न्हाई."

हे तिनं खोटं सांगितलं नव्हतं. मी शिकलेली नाही, घरच्या घरी अक्षरओळख करून घेतली तेवढीच, पण आमच्या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या पायांवर न्हायली आहेत. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पोटऱ्यांच्या मधल्या घळीत बाळ पालथं घालायचं, तेल जिरवायचं आणि वरून कढत पाण्याचे तांबे सोडायचे. रडणारं पोर माझ्या हातात गप होतं असा माझा लौकिक. म्हणून मी मोठ्यानं हो म्हणाले. "घालते की, न घालायला काय झालं?" म्हणाले.

फोन ठेवल्यावर आठवलं, की मला आता तांब्यानं पाणी ओतता येत नाही.

म्हणजे हाताला काही झालेलं नव्हतं. हात धडधाकट. पण वरून पाणी पडल्याचा आवाज झाला, की माझा श्वास अडकायचा, डोळ्यापुढं अंधारी यायची आणि तांब्या हातातनं सुटायचा. का, ते सांगते.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर, सांगलीच्या वरच्या अंगाला. पूर आम्हाला नवा नाही. पाणी वेशीपाशी आलं की बायका हळदीकुंकू घेऊन जातात, माहेरवाशीण दारात आली म्हणतात, तिची ओटी भरतात आणि ती माघारी जाते. पण त्या मोठ्या पुराला ती ओटी घ्यायला थांबलीच नाही. थेट चुलीपर्यंत आली. आम्ही दोघं शेजारच्यांच्या माडीवर जायला निघालो. आमचं अंगण ओलांडलं की त्यांचा जिना, एवढंच अंतर. पाणी कमरेच्या वर. ह्यांनी दोर बांधलेला, तो धरून मी निघाले आणि मध्यावर पाय सटकला. ज्या अंगणात रोज सडा घातला, त्या अंगणात मी बुडाले. नाकातोंडात गढूळ पाणी, कानात खळखळ, वर कुठलं आणि खाली कुठलं कळेना. ह्यांनी अंबाड्याला धरून मला वर ओढलं. हे म्हणतात, काडी पेटवायला लागतो तेवढा वेळ तू खाली होतीस. मला मात्र पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं, की मला वर काढलं ते अर्धंच काढलं.

पूर ओसरला, गाळ काढला, भिंती पुसल्या, म्हशी माघारी आल्या. आणि मग माणसं यायला लागली. आमच्याकडं कुणावर काही ओढवलं की भेटायला जायचं असतं. बिस्किटपुडा घेऊन यायचं, टेकायचं आणि म्हणायचं, "कसं झालं गं, पहिल्यापासनं सांग." मी पहिल्यापासनं सांगायची. त्यांच्यासाठी चहा ठेवायची, परत सांगायची. एक बिऱ्हाड उठलं की दुसरं. दर वेळी मी नव्यानं बुडायची, आणि चहाचं आधण मात्र मीच ठेवायची.

माझी अशी गत बघून गल्लीतल्या बायकांनी इलाज काढला. त्यांचं मन चांगलं होतं, नाही म्हणू नये. त्या म्हणाल्या, "कृष्णामाई तुज्यावर रुसलीया. ओटी न्हाई घातलीस न्हवं त्या दिशी? चल, भरून येऊ." म्हणजे जिनं मला बुडवलं, तिलाच खण-नारळ घेऊन समजवायला मला घाटावर नेलं. आमच्याकडच्याच माणसांना सुचावं असं औषध. शेवटच्या पायरीवर मी वाकले, पाण्यानं पायरीवर डुबुक केलं, आणि मी जी कोसळले ती घरात आल्यावरच शुद्धीवर आले. नारळ सांगलीच्या दिशेनं वाहत गेला म्हणे. त्यानंतर मी अंगावर पाणी घेणं सोडलं. ओल्या पंच्यानं अंग पुसायची आणि न्हाले म्हणून सांगायची.

ह्यांना ते केव्हाच कळलं होतं. रोज सकाळी बंब हेच पेटवतात. "पाणी जसंच्या तसं हाय," एकदा म्हणाले, "चोर म्हनावा तर पाणी न्हेत न्हाई, ठेवून जातोय." मी हसले नाही. त्यांनी परत विषय काढला नाही.

पण लेकीच्या फोननंतर हे म्हणाले, "चल. मेडिकल."

आमच्या सरकारी दवाखान्यात सांगलीहून एक मुलगी यायची, मनाच्या दुखण्याची डॉक्टरीण. लेकीच्याच वयाची. मी जाऊन बसले आणि तोंड उघडायच्या आत डोळे भरून आले. म्हटलं, आता ही पण म्हणणार, पहिल्यापासनं सांगा. तर तिनं विचारलं, "मावशी, दिवसभरात स्वतःसाठी काय करता?"

"चहा करते की."

"कोण पितं?"

"हे पितात. आलंगेलं पितं. शेजारीण तर असतीच."

"आणि तुम्ही?"

"उरला तर."

ती हसली, मग मलाही हसू आलं. ती म्हणाली, "पूर येऊन गेला हे तुमच्या डोक्याला माहीत आहे, अंगाला अजून पटलेलं नाही. त्या अंगाची थोडी निगा राखा. पाण्याशी मारामारी नको, झेपेल तेवढंच जवळ जायचं. आणि मावशी, जो येईल त्याला ती गोष्ट सांगायची सक्ती नाही तुमच्यावर."

घरी येताना मी फणफणत होते. "निगा राखा म्हनं. म्हातारपणी आता सोताला त्याल लावून बसू? लोक काय म्हनतील?"

"म्हशीला लावतीस न्हवं?" हे म्हणाले.

"म्हस दूध देती."

"आन तू? तू इतकी वर्सं काय ताक देतीयास?"

मग चालता चालता त्यांनी कधी सांगितली नव्हती ती गोष्ट सांगितली. त्यांच्या पलटणीत एक जण होता, जवळ गोळा फुटल्यापासनं छपराखाली झोपायचा नाही. सुभेदारानं त्याला ना दटावलं ना समजावलं. रोज सकाळी गरम पाण्यानं दाढी कर, बूट चमकव, आणि ताट घेऊन बसून जेव, उभ्यानं नाही, एवढाच हुकूम.

"त्यानं बरा झाला?" मी विचारलं.

"लगीच न्हाई. पर गडी आरशात बघाया लागला."

त्याच दुपारी मी कडी लावून घेतली. गल्लीतल्या बाळंतिणींच्या तळपायांना मी काशाची वाटी घासायची, तीच काढली. खोबरेल कोमट केलं. आणि अशी लाजले म्हणून सांगू, जणू चोरून गूळ खातेय. माझेच पाय मी कितीतरी वर्षांनी नीट बघितले. भेगा पडलेले, एका अंगठ्याचं नख पुरात उचकटलेलं, ते वाकडं आलेलं. वाटी फिरवत राहिले. तळव्यातली आग वाटीत उतरायला लागली आणि तिथंच भिंतीला टेकून मला झोप लागली. जागी झाले ती ह्यांच्या हाकेनं. दार ठोठावून ठोठावून बिचारे घाबरले होते.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काय झालं काय? दिवस मावळायला आला. मी म्हनलं आता मानसं गोळा करावी लागत्यात."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी दिवसाढवळ्या झोपले होते, आणि झोपेत पाणी आलं नव्हतं.

तिथनं मला नादच लागला. रोज दुपारी तेल. चहा केला की पहिला कप माझा, तोही बसून. आणि माणसं आली, "पहिल्यापासनं सांग" म्हणाली, की मी म्हणायची, "आज न्हाई. आज तुमचं सांगा." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा समोरची बाई जरा चमकली, आणि मग तिच्या सुनेचं जे सांगत बसली ते दिवेलागणीपर्यंत. मला लय बरं वाटलं. दुसऱ्याची भांडणं ऐकण्यात काय सुख असतं.

डॉक्टरीणबाईंकडंही जात होते. पण तांब्या काही उचलवत नव्हता. लेकीला तिकडं सातवा लागत आला होता, आणि मी अजून ओल्या पंच्यावरच.

माझी धाकटी बहीण म्हसवडच्या बाजूला दिलीय, दुष्काळी माणदेशात. तिच्या सासरची मंडळी पूर्वीची मेंढरं राखणारी, आता डाळिंब लावतात. ती फोनवर म्हणाली, "ये की हिकडं चार दिस. आमच्यात बुडाया पाणीच न्हाई." बोलायला ती अशी फटकळ. मी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागच्या दारी परात मांडली आणि शेजारी एक तांब्या ठेवला. "न्हा."

"एवढ्यात?"

"एवढ्यात माझं सासू-सासरं, आमी दोघं, समदी न्हायलो. लगीन होऊन आले तवापासनं एका मानसाला एक तांब्या. आता नळ आलाय, पर हात ऐकत न्हाई." आणि वर टोमणा, "तुमी नदीकाठची मानसं लय उधळी. भडाभडा वतायचं आन गटारात सोडायचं."

"आन तुमी पाण्याला बी नवऱ्यागत धाकात ठेवता," मी म्हटलं.

मग तिनं दाखवलं. परातीत उभं राहायचं. तांब्या उचलायचाच नाही. त्यात हात बुडवायचा, ओंजळभर घ्यायचं आणि खांद्यापासनं खाली अंगावरनं हात फिरवत न्यायचं. मेंढीच्या पाठीवरनं फिरवतात तसं. थेंब सांडायचा नाही. खाली परातीत जमेल ते शेवग्याच्या बुडाला. तिनं माझी पाठ तशीच ओल्या हातानं चोळली. आणि माझ्या ध्यानात आलं, की आवाजच नाही. पाणी अंगावर होतं आणि खळखळ नव्हती. पुरानंतर मी पहिल्यांदा न्हात होते. मी हसायला लागले, हसता हसता रडायला लागले. बहीण म्हणाली, "रड, पर परातीत रड. शेवग्याला तेवढंच."

चार दिवसांचे पंधरा झाले. मला सकाळ कधी होते असं व्हायचं. पहिल्यांदा ओंजळ अंगाला टेकवून, मग थोडी वरनं, मग आणखी वरनं. थेंबांचा आवाज माझ्या बेतानं मीच वाढवत होते. दचकले की थांबायची, अंग पुसायची, चहा प्यायची. आणि एका सकाळी बहिणीशी भांडता भांडता, विषय आमच्या भावजयीचा होता, मी तांब्या उचलला आणि खांद्यावर ओतला. ओतल्यावर कळलं. श्वास अडकला. अंधारी आली. बहीण जागची हलली नाही, नुसती म्हणाली, "पाय बघ. पाय कुठं हायत?"

खाली बघितलं. परातीत माझे पाय, घोट्याच्यासुद्धा खाली पाणी, आणि भोवताली माणदेशाची कोरडी ठणठणीत जमीन. श्वास आला. "परातीत हायत," मी म्हटलं.

"मग बुडतीस कशात? भावजयीचं पुढं सांग."

घरी आले ती नाचतच. ह्यांना एस.टी. स्टँडवरच सांगितलं. हे म्हणाले, "आता सराव पायजे." सराव कशावर करणार? परड्यातला एक मोठा दुधी तोडला, फडक्यात गुंडाळला आणि पायांवर घेतला. तेल लावलं, ओंजळीनं न्हाऊ घातलं. हे दारात उभे राहून बघत होते.

"तोंडावळा कुणावर गेलाय म्हनायचा?" त्यांनी विचारलं.

"आजोबावर. मान बघा की, ताठ हाय."

लेक आली, पोट घेऊन, हाशहुश करत. मी ठरवलं होतं, तिला सगळं सांगायचं. सांगितलं. "मला पाण्याची भ्या वाटती. ओंजळीनं जमतंय, तांब्या कधी जमतो कधी न्हाई."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "आबांनी कवाच सांगितलंय."

"मग फोनवर मला कशाला म्हनलीस, तूच घाल म्हणून?"

"मला तुजंच पायजे म्हणून. आन न्हाई जमलं त्या दिशी पुसून घेऊ. बाळ काय कुटं पळून चाललंय?"

श्रावणात नात झाली. काळीसावळी, डोकंभर जावळ, आणि रडायचा आवाज असा की आमच्या ह्यांना परेडची आठवण झाली. दवाखान्यातनं ताकीद दिली, नाळ पडेपर्यंत नुसतं पुसायचं. तेवढे दिवस मला मिळाले. मी स्वतः मात्र रोज न्हात होते, रोज एक ओंजळ जास्त.

आणि नाळ पडली तो दिवस नेमका धारेचा पाऊस. नदी पात्रातच होती, हे सकाळी जाऊन बघून आले, पुलाखाली बरंच अंतर हाय म्हणाले. पण पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. शेजारची आत्याबाई मदतीला आलेली. माझा चेहरा बघून म्हणाली, "दे हिकडं, मी घालते. तुला झेपायचं न्हाई."

"आत्या, तुमी टॉवेल धरा," लेक म्हणाली. "आईच घालंल. आज न्हाईतर उद्या."

मी पाटावर बसले. पाय लांब केले. ह्यांनी पाणी आणलं, ते किती ऊन आहे, मीच कोपर घालून बघितलं. नातीला पायांवर घेतलं आणि तेलाचा हात फिरवला. एवढासा जीव, पाठीचा कणा माळेसारखा हाताला लागत होता. पत्रा वाजतच होता. माझी छाती धडधडायला लागली तशी मी खाली बघितलं, माझे पाय, पायांवर ती. ओंजळ भरली आणि पाठीवर टेकवून सोडली. पोरीनं अंग ताठ केलं, मुठी आवळल्या, आणि किंचाळून रडली. तीही घाबरली होती. पाणी म्हणजे काय, तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकले. "न्हाई गं माजे बाय. बघ, पाणीच हाय. थोडंच हाय. मी धरलंया." दुसरी ओंजळ. तिसरी जरा वरनं. मुठी सुटायला लागल्या.

आत्याबाई म्हणाली, "अगं असं चाटून पुसून काय न्हाऊ घालतीस? वत की दोन तांबे."

"हे माणदेशी न्हाणं हाय," मी म्हटलं. "तुमाला न्हाई कळायचं."

न्हाऊन झाली. टॉवेलात गुंडाळली तर जांभई दिली पोरीनं, आणि आबांच्या हातात जाईतो झोपलीसुद्धा. आत्याबाई दुपट्यांच्या मागं लागली. मला असं वाटत होतं की पाटावरनं उठून गल्लीत एक फेरी मारून यावी, दारोदार सांगत. पण बंब अजून भरलेला होता, आणि लेक दाराला टेकून उभी होती, केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. बाळ झाल्यापासनं सगळे बाळाकडं बघत होते, तीसुद्धा.

"ये," मी म्हटलं. "आता तुजी पाळी. तिला आबा बघत्यात."

"माजं नंतर बघू. पैल्यांदा दुपटी वाळत—"

"दुपटी मरू देत. बस हितं."

ती बसली. मी तिच्या पाठीला तेल लावलं, मानेच्या गाठी मोकळ्या केल्या. लहानपणी ह्याच पाठीला लावायची. मग हातानं पाणी घेतलं, असंच अंगावरनं फिरवलं.

"आई," लेक डोळे मिटून म्हणाली, "मला गार वाटाया लागलंय. जरा वत की."

पाऊस वाजत होता. मी तांब्या बुडवला, भरला आणि तिच्या खांद्यावर ओतला. ते पाणी जमिनीवर आपटून खळाळत मोरीकडं गेलं. मी ते जाईपर्यंत बघितलं, श्वास घेतला, आणि दुसरा भरला.

"आनखी?"

"आनखी," ती म्हणाली.